नातलगांकडे वाढणारी मुलं आणि मंडळावरचा नवा विश्वस्त

प्रतिपालक कुटुंब, म्हणजे यंत्रणेने सोपवलेलं परकं मूल सांभाळणारं कुटुंब, मूल घरी आणण्याआधी बरीच तयारी करतं. प्रशिक्षण होतं, घराची पाहणी होते, खाट येते, शाळेची चौकशी होते. नातलगाच्या घरी यातलं काहीच झालेलं नसतं. रात्री फोन येतो आणि सकाळी आजीच्या घरात दोन मुलं असतात. एकाच्या अंगावर कालचाच गणवेश, दुसऱ्याचं दम्याचं औषध आधीच्या घरी राहिलेलं. जन्मदाखला कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. आजीचा पगार रोजचा असेल तर तो त्या दिवसापासून बुडतो. आणि ज्या आईकडून ही मुलं आली, ती अनेकदा त्या आजीचीच लेक असते.

अशा मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबा, मावशी, काका, थोरल्या भावंडांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या मंडळावर ज्यांना बोलावणं आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुठे या मंडळाला विश्वस्त मंडळ म्हणतात, कुठे संचालक मंडळ, कुठे कार्यकारिणी. इथे सोयीसाठी सगळ्यांना विश्वस्त म्हटलं आहे. नवे विश्वस्त मनापासून येतात आणि पहिल्या दोन-तीन बैठका गप्प बसून काढतात, कारण समोरच्या कागदांवरून घरात काय घडतंय ते दिसत नाही. म्हणून कागदांआधी एक गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मंडळ साधारणपणे तीन महिन्यांनी एकदा भेटतं आणि या घरांतले प्रश्न तीन दिवसांत सोडवावे लागतात. मंडळाने लांबणीवर टाकलेला प्रत्येक विषय कोणत्या तरी घरात जाऊन पोहोचतो.

नातलग कुटुंब म्हणजे नेमकं कोण

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. नातलगांकडचं संगोपन म्हणजे काय, हे त्यांत सांगितलं आहे: मुलाच्या विस्तारित कुटुंबात, किंवा कुटुंबाच्या जवळच्या आणि मुलाच्या ओळखीच्या स्नेह्यांकडे होणारं संगोपन, मग ते औपचारिक असो वा अनौपचारिक. विश्वस्ताच्या सर्वांत कामाचे शब्द शेवटचे आहेत. औपचारिक म्हणजे न्यायालयाने किंवा बालकल्याण यंत्रणेने आदेश काढून मूल सोपवलेलं. अनौपचारिक म्हणजे घरच्यांनी आपसांत ठरवलं आणि मूल मावशीकडे आलं. कागद नाही. त्याच तत्त्वांत हेही नोंदवलं आहे की आईवडिलांच्या छत्राविना राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं बहुतेक देशांत अशी अनौपचारिकपणेच नातलगांकडे किंवा इतरांकडे वाढतात.

कागद असण्या-नसण्याने बरंच काही बदलतं. आदेश असेल तर अनेक ठिकाणी भत्ता मिळतो, सल्लागार मिळतो. आदेश नसेल तर शाळेच्या अर्जावर ‘पालक’ या रकान्यात मावशीने सही करावी की नाही, इथपासून अडतं. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही चालत नाही. प्रवासाची कागदपत्रं निघत नाहीत. आता तुमच्या संस्थेचा मदतीचा अर्ज मागवून घ्या आणि ‘सोबत जोडायची कागदपत्रे’ ही यादी वाचा. तिथे ‘ताब्याच्या आदेशाची प्रत’ असं लिहिलं असेल तर एका ओळीने निम्म्याहून अधिक गरजू घरांना दार बंद झालेलं असू शकतं. ही ओळ सहसा कोणी वाईट हेतूने घातलेली नसते. एखाद्या जुन्या देणगीदाराच्या अटीतून ती आलेली असते आणि देणगी संपल्यावरही तशीच राहून जाते. शाळेचं पत्र, दवाखान्याची नोंद, दोन परिचितांचं लेखी निवेदन असे पर्याय ठेवले तर खातरजमाही होते आणि दारही उघडं राहतं.

कायदा कोणाला नातलग मानतो, हेही देशागणिक बदलतं. भारताच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात दत्तकविधानापुरती ‘नातेवाईक’ची जी व्याख्या आहे तिच्यात वडिलांकडचे आणि आईकडचे काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. थोरली बहीण त्यात नाही. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने मुलाबद्दलचा निर्णय घेण्यासाठी सगळ्या घराण्याला एकत्र बसवण्याची पद्धत आणली, तिची मुळं तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, परंपरेत आहेत. अमेरिकेत 2008 च्या कायद्यानुसार मुलाला घरातून हलवल्यावर 30 दिवसांच्या आत प्रौढ नातलगांना शोधून कळवण्याचा प्रयत्न यंत्रणेला करावा लागतो. इंग्लंडमध्ये 2005 च्या अखेरीपासून विशेष पालकत्वाचा आदेश मिळू लागला. त्यात आईवडिलांचं कायदेशीर नातं तुटत नाही, पण रोजचे निर्णय पालक घेतो. तुमची संस्था जिथे काम करते तिथला एवढा भाग एका पानात लिहून द्या, अशी विनंती व्यवस्थापनाला पहिल्याच आठवड्यात करा. ते पान तयार नसेल तर बाकीच्या विश्वस्तांनाही ते हवंच असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

होकार देण्याआधी

मागायचे कागद फार नाहीत: संस्थेची घटना किंवा नियमावली, गेल्या 3 वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, गेल्या 12 महिन्यांच्या बैठकांची इतिवृत्तं, चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि त्यापुढे प्रत्यक्ष खर्च, बालसंरक्षण धोरण, विम्याची कागदपत्रं, आणि चालू असलेल्या तक्रारींची व दाव्यांची माहिती. ही माहिती मुलांची नावं वगळून मिळायला हवी. कोणी मुलांच्या फायलीच तुमच्या हाती देऊ केल्या, तर घेऊ नका. गुप्ततेची काळजी तिथे कशी घेतली जाते ते तेवढ्यावरून कळतं.

इतिवृत्तं आधी वाचा, हिशेब नंतर. इतिवृत्तांत बघायचं ते असं. सलग दोन बैठका गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान आवश्यक सदस्य न आल्याने, तहकूब झाल्या आहेत का? ‘पुढील बैठकीत निर्णय घेऊ’ असा एकच विषय तीनदा आला आहे का? ठराव नेहमी एकमताने आणि चर्चेची एकही ओळ न येता मंजूर होतात का? मुलांच्या सुरक्षिततेचा विषय वर्षभरात एकदा तरी विषयपत्रिकेवर आला का? धोरणावर शेवटच्या फेरआढाव्याची तारीख असते, ती बघा. चार वर्षांपूर्वीची असेल तर धोरण कपाटात आहे, वापरात नाही.

आणि नुकत्याच पायउतार झालेल्या एखाद्या विश्वस्ताशी अर्धा तास बोला. ‘कोणता प्रश्न विचारल्यावर टेबलाभोवती शांतता पसरायची?’ एवढंच विचारलं तरी पुरतं.

मंडळाचं काम कुठे संपतं

बहुतेक देशांच्या कायद्यांत विश्वस्ताची कर्तव्यं तीन गोष्टींभोवती फिरतात. काळजीपूर्वक निर्णय घेणं, म्हणजे कागद वाचून, प्रश्न विचारून. निष्ठा, म्हणजे स्वतःचा, नातलगांचा किंवा मित्राचा फायदा बाजूला ठेवून संस्थेचं हित बघणं. आणि संस्थेच्या उद्दिष्टांशी बांधील राहणं, म्हणजे पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावणं. ही जबाबदारी मंडळाची सामूहिक असते. बैठकीला गेलो नव्हतो, म्हणून तिच्यातून सुटका होत नाही.

दैनंदिन काम मंडळाचं नाही, हे समजायला सोपं आणि पाळायला अवघड. एक नेहमीचा प्रसंग घ्या. ओळखीची एक आजी तुम्हाला थेट फोन करते: ‘तीन आठवडे झाले, संस्थेतून कोणी बोलत नाही, तुम्ही सांगा ना जरा.’ माणुसकी सांगते की लगेच समन्वयकाला फोन करून तिचं काम पुढे घ्यावं. तसं केलंत तर रांगेत तिच्या आधी असलेली, जिची कोणाशी ओळख नाही अशी मावशी मागे गेली. शिवाय पुढच्या वेळी कर्मचारी कुटुंबाची निकड बघण्याआधी कोणाचा फोन येतोय ते बघू लागतात. करायचं ते असं: आजीचं शांतपणे ऐकून घ्या, तक्रारीचा ठरलेला मार्ग आणि नेमकी व्यक्ती सांगा, फोन आल्याचं व्यवस्थापकाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि तिथे थांबा. पुढच्या बैठकीत मात्र प्रश्न उभा करा: तीन आठवडे उत्तर मिळत नाही, हे एकाच घरापुरतं आहे की सगळ्यांचंच? मुलाच्या जिवाला धोका असल्याचं फोनवर कळलं, तर हा क्रम लागू होत नाही. त्याबद्दल पुढे येतं आहे.

पैसा: शिल्लक आणि हातात असलेली शिल्लक

नवे विश्वस्त ताळेबंदात बँकेतली शिल्लक बघतात आणि निश्चिंत होतात. समजा शिल्लक 60 लाख आहे. त्यातले 41 लाख देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेत: मुलांच्या समुपदेशनाला, किशोरांच्या शिबिराला. ते पगाराला वापरता येत नाहीत. आणखी 7 लाख पुढच्या वर्षाच्या कामाचं आगाऊ अनुदान आहे. उरले 12 लाख. संस्थेचा महिन्याचा कायम खर्च 4 लाख असेल तर हातात 3 महिने आहेत. संस्था नीटपणे बंद करायची वेळ आलीच तर नोटिशीचे पगार, भाडेकरार, अखेरचं लेखापरीक्षण यांना समजा 5 लाख लागतील. म्हणजे मोकळे 7 लाख, जेमतेम पावणेदोन महिने. 60 लाखांची संस्था आणि पावणेदोन महिने, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. प्रत्येक बैठकीत खजिनदाराकडून एवढंच एक वाक्य लेखी मागा: आज मोकळा निधी किती महिने पुरेल?

गाडी रुळावरून घसरते ती बहुतेकदा एकाच जागी. अनुदान उशिरा येतं, पगार तारखेला द्यायचे असतात, मग समुपदेशनाच्या निधीतून महिनाभरासाठी ‘उसने’ घेतले जातात. अनुदान आल्यावर परत करण्याचा हेतू प्रामाणिक असतो. पण पुढचं अनुदानही उशिरा येतं. सहा महिन्यांनी समुपदेशनाचा निधी कागदावर असतो, बँकेत नसतो. खर्च आधी करून नंतर बिलं पाठवायची अट असलेल्या अनुदानात हा धोका सर्वाधिक असतो. असं अनुदान स्वीकारण्याआधी पुढच्या 12 महिन्यांचा महिनावार रोख प्रवाहाचा तक्ता मंडळासमोर यायलाच हवा.

ब्रिटनमधल्या किड्स कंपनी या संस्थेचं उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येक विश्वस्ताने वाचावं असं आहे. 1996 मध्ये सुरू झालेली ही संस्था अडचणीतल्या मुलांसाठी काम करायची आणि दारात आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही ही तिची भूमिका होती. मागणी वाढत गेली, राखीव निधी त्या मानाने उभा राहिला नाही. सरकारकडून 30 लाख पौंडांचं अनुदान मिळाल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट 2015 मध्ये, ती बंद झाली. विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवण्याची मागणी 2021 मध्ये न्यायालयाने फेटाळली. 2022 मध्ये तिथल्या सेवाभावी संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनने आपल्या अहवालात, देणी वेळेवर न चुकवणं हा गैरव्यवस्थापनाचा प्रकार असल्याचं नोंदवलं. विश्वस्त अप्रामाणिक नव्हते. तरीही ज्या मुलांचं तिथे रोजचं येणं-जाणं होतं, त्यांच्यासाठी एका दिवसात दार बंद झालं. नातलग कुटुंबांच्या बाबतीत हे विशेष जिव्हारी लागतं, कारण या मुलांच्या आयुष्यात आधीच एकदा कोणी तरी अचानक निघून गेलेलं असतं.

राखीव निधी किती असावा, याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. तीन ते सहा महिन्यांचा खर्च हा नेहमीचा ठोकताळा. पण माझ्या मते या कामात हिशेब उलट्या बाजूने मांडावा: सध्या समुपदेशन घेत असलेल्या मुलांचं सत्र व्यवस्थित संपवून त्यांना दुसरीकडे जोडून द्यायला किती महिने लागतील? तेवढा निधी ही किमान पातळी.

तातडीच्या निधीबद्दल दोन शब्द. गादी, औषध, शाळेचे बूट, पहिल्या आठवड्याचा किराणा यांसाठी संस्थेकडे छोटा निधी असतो. त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्यांची अट असेल आणि एक विश्वस्त प्रवासात असेल, तर गादी नवव्या दिवशी पोहोचते. नऊ रात्री मूल जमिनीवर झोपतं. उपाय साधा आहे: ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च समन्वयकाने त्याच दिवशी करावा, दुसरी सही नंतर 48 तासांत व्हावी, पावत्या महिनाअखेरीस खजिनदाराने तपासाव्यात, आणि मंडळाला तिमाहीत एकदा एकत्रित यादी मिळावी. नियंत्रण तेवढंच राहतं, फक्त त्यासाठी मुलाला ताटकळावं लागत नाही.

अहवालातला एक आकडा जवळून

मंडळासमोर येणाऱ्या अहवालात असं वाक्य असतं: ‘या तिमाहीत 10 नवी कुटुंबं जोडली गेली, पहिल्या भेटीपर्यंतचा सरासरी कालावधी 19 दिवस.’ ठीक वाटतं. पण नऊ कुटुंबांना प्रत्येकी 9 दिवस लागले असतील आणि एकाला 109 दिवस, तरी सरासरी 19 च येते. त्या एका घरात साडेतीन महिने कोणी गेलं नाही. म्हणून सरासरीसोबत सर्वांत लांब प्रतीक्षा किती, हे नेहमी विचारा. आणि त्यामागचं कारण विचारा: भाषा येणारा कार्यकर्ता नव्हता, घर दूर होतं, की आजीने फोन उचलला नाही म्हणून नाव यादीच्या तळाशी ढकललं गेलं? तिसरं कारण फार नेहमीचं आहे. रात्रपाळी करणारी किंवा अनोळखी नंबरला घाबरणारी माणसं फोन उचलत नाहीत. कर्जवसुलीचे फोन येत असतील तर अजिबातच नाही.

आणखी एक विचारायचं: मदत घेऊन मध्येच गळालेली कुटुंबं किती? मदत थांबली याचा अर्थ घर सावरलं असा अहवालात लावला जातो. कधी आजी आजारी पडून मुलं दुसऱ्या नातलगाकडे गेलेली असतात. सहा महिन्यांनी एक फोन करून नोंद ठेवणं फार खर्चाचं नाही.

मुलांची सुरक्षितता

नातलगांच्या बाबतीत दोन उलट्या चुका होतात. पहिली, ‘अहो, आजीच आहे ती, तिच्याकडे काय धोका असणार?’ असं म्हणून काहीच न बघणं. दुसरी, घरात अनोळखी माणसाने मूल नेलं असल्यासारखी झडती घेणं, खोल्या मोजणं, अपमान करणं. पहिलीत मूल संकटात राहतं, दुसरीत कुटुंब संस्थेपासून लपायला लागतं आणि तेही मुलाच्याच वाट्याला येतं. नातलगांच्या घरांसाठी निकष वेगळे ठेवायला अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2023 च्या नियमाने राज्यांना मुभा दिली, ती याच कारणाने: स्वतंत्र खोली नाही म्हणून आजी नाकारणं मुलाच्या हिताचं नसतं, पण मारहाणीचा इतिहास कोणाचाही असो, तो बघावाच लागतो.

विश्वस्त म्हणून तुमचीही पार्श्वभूमी तपासली जाईल. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. उलट तपासणी झाली नाही तर विचारा. कुटुंबांशी किंवा मुलांशी स्वतंत्र संपर्क ठेवायचा नाही, समाजमाध्यमांवर मैत्री करायची नाही, कार्यक्रमात आपल्या फोनने फोटो काढायचे नाहीत. फोटोचा मुद्दा किरकोळ वाटतो, तो नाही. गणवेशाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला फोटोत आला, की ज्या माणसापासून मुलाला दूर ठेवलं आहे त्याला शाळा सापडते. आभारपत्रकात ‘अमुक भागातल्या आजीबाई’ एवढा उल्लेखही पुरेसा ठरू शकतो. नातलग कुटुंबात हा धोका अधिक असतो, कारण शोधणारा माणूस त्याच घराण्यातला असतो. नावं, सवयी, लग्नकार्यं सगळं त्याला माहीत असतं.

मुलाला धोका असल्याचं कानावर आलं तर स्वतः तपास करायचा नाही, मुलाला पुन्हापुन्हा विचारायचं नाही, आरोप ज्याच्यावर आहे त्याला सावध करायचं नाही. ऐकलेलं आहे त्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं आणि संस्थेत नेमलेल्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीला लगेच कळवायचं. जीव धोक्यात असेल तर आधी पोलीस. अनेक देशांत लैंगिक अत्याचाराची माहिती न कळवणं हाच गुन्हा आहे. भारतात मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा हे बंधन प्रत्येक व्यक्तीवर घालतो, म्हणजे विश्वस्तावरही. तक्रार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर ती कोणाकडे जाईल, आणि अध्यक्षाविरुद्ध असेल तर कोणाकडे? धोरणात या दोन प्रश्नांची उत्तरं नावानिशी नसतील, तर तुमचा पहिला ठराव हाच असू द्या.

मंडळाने तिमाहीत काय बघायचं? घटना किती, किती वेळात कळवल्या गेल्या, त्यातून कामाच्या पद्धतीत काय बदललं. मुलांची नावं नको. आणि शून्य घटनांचा अहवाल वर्षभर येत राहिला, तर दिलासा मानू नका. नोंदवलंच जात नाही, ही शक्यता आधी तपासा.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना असलेला विश्वस्त

नातवंडं सांभाळणारी आजी किंवा अशा घरात वाढून मोठी झालेली व्यक्ती मंडळावर असणं ही संस्थेची मोठी ताकद असते. ताब्याच्या आदेशाची ती ओळ अर्जात खटकते ती तिलाच. पण तिला एकटीला बसवू नका. एकच असली की ती ‘सगळ्या कुटुंबांचा आवाज’ होऊन बसते, दर बैठकीत आपली जखम उघडून दाखवण्याची अपेक्षा तिच्यावर येते आणि वर्षभरात ती राजीनामा देते. किमान दोघी असाव्यात. प्रवासखर्च आणि बैठकीच्या वेळेत मुलांना सांभाळायला लागणारा खर्च आधी द्यावा, नंतर पावतीवर नव्हे. खिशातून आधी काढायला पैसे नसतात. आणि बैठक शाळा सुटायच्या वेळी ठेवू नये. दुपारी साडेतीनच्या बैठकीला येऊ न शकणारी आजी बेफिकीर नसते, ती शाळेच्या फाटकाशी उभी असते.

हितसंबंधांचा प्रश्न तिच्या बाबतीत गुंतागुंतीचा होतो, कारण ती संस्थेकडून मदतही घेते. उपयोगी पडणारी कसोटी अशी: निर्णयाचा लाभ सगळ्या नातलग कुटुंबांना सारखाच होणार असेल, तर तिने चर्चेत भाग घ्यावा, तिचा अनुभव तिथे हवाच आहे. लाभ तिच्याच घराला, किंवा तिच्यासारख्या दोन-चार घरांनाच होणार असेल, तर तिने आधी जाहीर करावं, चर्चा आणि मतदान होईपर्यंत खोलीबाहेर जावं, आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जावं. बाहेर गेलेला सदस्य गणपूर्तीत धरायचा की नाही हे नियमावली सांगते. आधी वाचून ठेवा, नाहीतर ठराव अवैध ठरतो. तिचा स्वतःचा मदत-अर्ज इतरांसारखाच, त्याच रांगेतून जायला हवा. तिची फाईल मंडळातल्या कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. तिच्या घरातल्या अडचणी सहकारी विश्वस्तांना तिच्या तोंडून कळल्या तरच कळाव्यात.

हीच कसोटी इतरांना अधिक कडकपणे लावा. विश्वस्ताच्या मेहुण्याची छपाईची कंपनी, विश्वस्त वकिलाचं कार्यालय, विश्वस्ताची रिकामी जागा भाड्याने. दर बाजारापेक्षा कमी असला तरी जाहीर करायचं, दुसरी दोन दरपत्रकं मागवायची आणि बाहेर जायचं. हितसंबंधांची नोंदवही वर्षातून एकदा नव्याने भरायची. बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्षाने ‘आजच्या विषयांत कोणाचा संबंध?’ हे मोठ्याने विचारायचं, उत्तर ‘नाही’ असलं तरी लिहायचं.

पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात एखाद्या जुन्या विश्वस्ताला सोबती म्हणून मागून घ्या आणि प्रत्येक बैठकीआधी वीस मिनिटं विषयपत्रिकेवर बोला. कुटुंबाच्या घरी भेट देण्याचा आग्रह धरू नका. विश्वस्त घर बघायला येणार म्हटल्यावर आजी दोन दिवस घर आवरते आणि मदत बंद होईल की काय या धास्तीत राहते. त्याऐवजी समन्वयकासोबत एक दिवस कार्यालयात बसा आणि अर्ज आल्यापासून पहिली मदत मिळेपर्यंतची पावलं मोजा. कागद किती वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि कुठे पडून राहतो, ते तिथे कळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हिशेब समजून घ्या. खजिनदारासोबत एक तास पुरतो. ‘मला कळलं नाही’ हे वाक्य बैठकीत न लाजता म्हणा. बरेचदा आणखी तिघांना कळलेलं नसतं. इतिवृत्ताचा मसुदा आला की आपण काय बोललो ते तपासून लेखी दुरुस्ती कळवा. विरोध केला असेल तर तो नोंदला गेला पाहिजे, कारण जबाबदारी सामूहिक असली तरी नोंद वैयक्तिक असते.

चौथ्या महिन्यानंतर एखाद्या समितीत जा, पण एकाच. मुलाचं मत घेतलं जातं का, हे या काळात तपासण्याजोगं आहे. 1989 च्या बालहक्क करारातल्या 12 व्या कलमाप्रमाणे मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि 20 व्या कलमात घर बदललेल्या मुलाच्या संगोपनातलं सातत्य, त्याची भाषा, धर्म, संस्कृती यांचा विचार करायला सांगितलं आहे. शिबिराची जागा, गटाची वेळ, आई भेटायला येते त्या दिवसाची व्यवस्था यांबद्दल दहा वर्षांच्या मुलाला नेमकं सांगता येतं. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर असल्या की मुलं बोलत नाहीत, हे मुलांनी सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

एखादा कार्यक्रम बंद करण्याचा ठराव समोर आला, तर पैशाच्या तक्त्यासोबत दुसरा कागद मागा: सध्या त्यात किती मुलं आहेत, त्यांना कोण सांगणार, किती आठवडे आधी, आणि पुढे कुठे जोडणार. हा कागद तयार नसेल तर त्या दिवशी मतदान नको, पण महिनाभर पुढेही ढकलू नका. आठवड्याने विशेष बैठक बोलवा.

जाताना

मुदत संपते किंवा जमेनासं होतं. महिनाभर आधी लेखी कळवा, बँकेतल्या सहीच्या अधिकारातून आणि सरकारी नोंदींतून आपलं नाव निघाल्याची प्रत घ्या. ते राहून गेलं तर पुढच्या वर्षीच्या नोटिसा तुमच्या नावाने येतात. घरी असलेले कागद परत करा, ईमेलमधली आणि फोनमधली संस्थेची कागदपत्रं पुसून टाका, छापील प्रती फाडून टाका. एखाद्या जुन्या अहवालाच्या समासात तुम्ही पेन्सिलीने एखाद्या मुलाचं नाव लिहून ठेवलेलं असू शकतं. तो कागद शोधा.